३४ पैकी २८

बास्केटबॉलच्या मैदानावर एक रेषा अशी आहे, की तिच्यामागे उभं राहिल्यावर तुम्हाला कुणी अडवत नाही. बोर्डापासून १५ फुटांवरची ही फ्री थ्रोची रेषा. फाउल झाला की खेळ थांबतो, बाकीचे नऊ जण आपापल्या जागी थबकतात आणि पंच चेंडू तुमच्या हातात देतो. पळायचं नाही, उडी मारायची नाही, समोर कुणाचे हात नाहीत. याहून सोपं काय असणार? पण शाळा-कॉलेजात हा खेळ खेळलेल्या कुणालाही विचारून पाहा. सरावात दहातले आठ टाकणारा पोरगा सामन्यात त्याच रेषेवर आला की घाम पुसतो, चेंडू तीनदा आपटतो आणि नेमका रिंगच्या कडेवर मारतो. छाती भात्यासारखी हलत असते, आणि सगळे आपल्याकडेच बघत असतात. धावत्या खेळात विचार करायला वेळ नसतो. इथे तो नको इतका असतो.

१९ मार्च १९६६ च्या रात्री अमेरिकेतल्या मेरिलंड विद्यापीठाच्या कोल फील्ड हाउसमध्ये कॉलेज बास्केटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना झाला. टेक्सस वेस्टर्न नावाचं एक आडबाजूचं कॉलेज त्या रात्री या रेषेवरून ३४ वेळा चेंडू टाकून गेलं, आणि त्यातले २८ जाळीतून उतरले. समोरच्या केंटकी विद्यापीठाने १३ पैकी ११ टाकले. चालू खेळात मात्र केंटकीच्या बास्केट जास्त झाल्या, २७. टेक्सस वेस्टर्नच्या २२. आता हिशेब मांडा. केंटकीचे ५४ अधिक ११, म्हणजे ६५. टेक्सस वेस्टर्नचे ४४ अधिक २८, म्हणजे ७२. धावत्या खेळात दहा गुणांनी मागे राहिलेला संघ सात गुणांनी जिंकला तो त्या रेषेवर.

या सामन्याची गोष्ट अमेरिकेत हजार वेळा सांगून झाली आहे, पण ती या आकड्यांवरून सांगत नाहीत. सांगतात ती रंगावरून: केंटकीचे सगळे खेळाडू गोरे, तर टेक्सस वेस्टर्नकडून त्या रात्री मैदानावर उतरलेले सातही जण कृष्णवर्णीय. हे खरंच आहे, आणि मोठंही आहे. तरी मला वाटतं, रंगाची गोष्ट नीट कळायची असेल तर आधी फ्री थ्रोच्या रकान्यात बोट ठेवायला हवं. कारण तेव्हाच्या गोऱ्या कोचमंडळींत एक समज घट्ट रुजलेला होता. काळी मुलं उड्या मारतील, पळतील, अंगच्या गुणांवर खेळतील. पण डोकं थंड ठेवणं, आखलेल्या चालीला धरून राहणं, दडपणात न फुटणं हे त्यांना जमायचं नाही. त्यासाठी संघात निदान एक तरी गोरा मुलगा हवा. कृष्णवर्णीय किती खेळवायचे याचा एक कडू हिशेबही या मंडळींत चालायचा: घरच्या मैदानावर दोन, बाहेरगावी तीन, आणि हरायला लागलो तर चार. पाचाचा आकडा त्या हिशेबात नव्हता.

टेक्सस वेस्टर्न कॉलेज एल पासोमध्ये होतं. टेक्ससच्या पार पश्चिमेच्या टोकाला, वाळवंटात, रिओ ग्रांदे नदीच्या काठी वसलेलं हे गाव. नदीपलीकडे मेक्सिकोचं हुआरेझ. १९१४ मध्ये खाणकाम शिकवणारी शाळा म्हणून हे कॉलेज सुरू झालं, म्हणून संघाचं नावही ‘मायनर्स’, खाणकामगार. गावात मेक्सिकन वंशाची वस्ती मोठी, जवळच फोर्ट ब्लिस ही लष्करी छावणी, त्यामुळे सगळ्या रंगांची माणसं नजरेला सरावलेली. उरलेल्या दक्षिणेपेक्षा इथली हवा जरा वेगळी होती. १९५५ मध्ये या कॉलेजने पदवीवर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स ब्राउन हा कृष्णवर्णीय खेळाडू त्यांच्या बास्केटबॉल संघात आला. १९६२ मध्ये एल पासोच्या नगरपरिषदेने हॉटेलं-थिएटरांमधल्या भेदभावाला बंदी करणारा ठराव केला. म्हणजे १९६६ चा संघ आकाशातून पडलेला नव्हता. चित्रपटात तो तसा पडतो, पण त्याकडे नंतर येऊ.

१९६१ मध्ये इथे कोच म्हणून डॉन हॅस्किन्स आले. तिशी नुकतीच ओलांडलेली, अंगाने आडदांड. पुढे लोक त्यांना ‘अस्वल’च म्हणत. ओक्लाहोमातल्या ईनिड गावचा हा माणूस टेक्ससच्या लहान लहान गावांतल्या शाळांमध्ये मुलांच्याच नव्हे, मुलींच्याही संघांना शिकवून आला होता. एल पासोतल्या नोकरीत पगार तुटपुंजा, आणि वर मुलांच्या वसतिगृहावर देखरेख ठेवायची. बायको-मुलांसकट ते त्या वसतिगृहातच राहायला आले. ईनिडमध्ये असताना एका कृष्णवर्णीय मित्राबरोबर ते तासन्‌तास एकास एक खेळायचे. मित्र त्यांच्या तोडीचा होता. कॉलेजच्या संघाचं दार डॉनसाठी उघडलं, मित्रासाठी नाही. हॅस्किन्स पुढे ही आठवण काढत, पण स्वतःला सुधारक म्हणवून घेणं त्यांना कधी रुचलं नाही. मी माझे सगळ्यांत चांगले पाच खेळाडू उतरवले, एवढंच ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

ते शिकले होते हेन्री आयबांच्या हाताखाली. आयबांचं बास्केटबॉल म्हणजे आधी बचाव, मग बचाव, आणि उरलेल्या वेळात बास्केट. तेव्हा कॉलेजच्या खेळात अमुक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. ते १९८५ मध्ये आलं. तीन गुणांची बास्केटही नव्हती. त्यामुळे चेंडू हातात ठेवून, पास देत देत, हक्काची जागा मिळेपर्यंत थांबणं ही एक रीतच होती, आणि आयबा तिचे गुरू. हॅस्किन्सनी ती एल पासोत आणली. त्यांच्या सरावात बराच वेळ चेंडू नसेच. गुडघे वाकवून, हात पसरून, पाय घासत डावीकडे-उजवीकडे सरकायचं, मांड्या पेटेस्तोवर. पाणी प्यायची सुट्टी नाही. ते तेव्हा कमकुवतपणाचं लक्षण समजत. नोलन रिचर्डसन नावाचा एल पासोचाच एक कृष्णवर्णीय खेळाडू हॅस्किन्स यायच्या आधीपासून संघात होता आणि गुणांचा पाऊस पाडत होता. नव्या कोचच्या हाताखाली त्याचे गुण घसरले, कारण आता त्याला समोरच्याला अडवायचं काम होतं. हाच रिचर्डसन पुढे मोठा कोच झाला आणि १९९४ मध्ये त्याच्या अर्कान्सा संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

खेळाडू कुठून आणायचे? टेक्ससची नावाजलेली गोरी मुलं या कोपऱ्यात यायला तयार नसत. दुसरीकडे उत्तरेतल्या शहरांत कृष्णवर्णीय मुलांचे ढीगभर संघ होते, आणि दक्षिणेतली बहुतेक कॉलेजं त्यांच्याकडे बघत नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हिल्टन व्हाइट नावाचे एक गृहस्थ बागा-मैदानांच्या खात्यात नोकरी करत आणि पोरांना खेळवत. लष्करात असताना ते फोर्ट ब्लिसला राहिलेले, म्हणून एल पासो त्यांच्या माहितीचं. त्यांनी तीन मुलं धाडली: नेव्हिल शेड, विली वर्सली आणि विली केजर. शेड सहा फूट आठ इंच, काटकुळा. वर्सली जेमतेम साडेपाच फूट; या खेळात ही उंची म्हणजे अंगठ्याएवढीच. केजरच्या हृदयात दोष होता, म्हणून त्याला थोडा थोडा वेळच खेळवायचे. इंडियानातल्या गॅरी या पोलादाच्या कारखान्यांच्या गावातून हॅरी फ्लोर्नॉय आणि ऑर्स्टन आर्टिस आले. ह्यूस्टनचा डेव्हिड लॅटिन सहा फूट सहा इंच आणि शंभर किलोंच्या वर, खांद्याला खांदा लागला तर समोरचा कोलमडावा असा. आणि डेट्रॉइटकडचा बॉबी जो हिल: पाच फूट दहा इंच, झोपाळू डोळे, सरावाचा मनापासून कंटाळा, आणि हात असे की समोरच्याचा चेंडू कधी गेला हे त्याला नंतर कळावं. चार गोरे आणि एक मेक्सिकन वंशाचा असे आणखी पाच जण संघात होते. एकूण बारा.

डिसेंबर १९६५ मध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा देशात त्यांना कुणी धरलेलं नव्हतं. कॉलेज कुठल्या लीगमध्ये नव्हतं, सुरुवातीचे प्रतिस्पर्धीही यथातथा. वर्षाच्या शेवटी आयोवा विद्यापीठाचा संघ एल पासोला आला. देशात चौथ्या क्रमांकावरचा हा संघ मायनर्सनी ८६-६८ असा धुतला, आणि मग वार्ताहर नकाशात एल पासो शोधू लागले. त्यानंतरचे दोन महिने मात्र काही सरळ गेले नाहीत. हा संघ मोठ्या संघांपुढे पेटून खेळे आणि लहानांपुढे डुलक्या घेई. न्यू मेक्सिको विद्यापीठाविरुद्ध तर मोठ्या पिछाडीवरून येऊन जादा वेळेत जेमतेम सुटका करून घेतली. हॅस्किन्स बाजूला उभे राहून डोकं धरत. पण जिंकत होते. एक, दोन, दहा, वीस, तेवीस. ५ मार्चला सिएटलमध्ये नियमित हंगामातला शेवटचा सामना होता. तिथे ७४-७२ असे हरले, आणि अख्ख्या हंगामातली ही एकच हार. गंमत म्हणजे तोवर केंटकीही २३ सामने न हरता आलं होतं आणि तेही त्याच दिवशी टेनेसीकडून हरलं.

मग बाद फेरीची राष्ट्रीय स्पर्धा. आज या स्पर्धेचा केवढा बाजार असतो, पण १९६६ मध्ये त्यात २२ संघ होते. लीगचे विजेते थेट पुढच्या फेरीत, तर टेक्सस वेस्टर्नसारख्या बिनलीगच्या संघांना एक सामना जास्त. तो त्यांनी ओक्लाहोमा सिटी विद्यापीठाविरुद्ध ८९-७४ असा सहज काढला. खरी परीक्षा पुढे लबकमध्ये होती.

लबकमधले दोन सामने लागोपाठच्या दोन रात्री होते. पहिला सिनसिनाटीशी. तिथे शेडने समोरच्या खेळाडूला ठोसा मारला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. हॅस्किन्सचा पारा असा चढला की त्यांनीही त्याला नजरेसमोरून हाकललं. संघाचा सगळ्यांत उंच माणूस गेला, सामना बरोबरीत, जादा वेळ. तिथे हृदयदोषाचा केजर कामी आला. ७८-७६. दुसऱ्या रात्री कॅन्सस, आणि त्यांच्याकडे जो जो व्हाइट नावाचा ताज्या दमाचा गार्ड. पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा वेळ. त्या जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी व्हाइटने बाजूच्या रेषेजवळून, दहा मीटरच्या आसपासच्या अंतरावरून चेंडू फेकला आणि तो सरळ जाळीत गेला. कॅन्ससचे लोक मैदानात धावले. पण पंच रूडी मॅरिच खाली बोट दाखवत उभे होते: उडी घेताना व्हाइटची टाच रेषेवर होती. चेंडू बाहेर, बास्केट रद्द. दुसरी जादा वेळ झाली आणि टेक्सस वेस्टर्नने ती एका गुणाने काढली, ८१-८०.

व्हाइटला तो निर्णय आयुष्यभर पटला नाही. पंच ठाम राहिले. टाच दोन बोटं अलीकडे असती तर हे प्रकरण लिहायचं कारण उरलं नसतं. इतिहास बदलणारा सामना वगैरे म्हणताना आपण फार गंभीर चेहरा करतो, म्हणून ही टाच लक्षात ठेवलेली बरी.

उपांत्य सामना १८ मार्चला यूटा विद्यापीठाशी होता. यूटाच्या जेरी चेंबर्सला त्या दिवशी कुणी थांबवू शकत नव्हतं. त्याने एकट्याने ३८ गुण केले. फ्लोर्नॉय, शेड सगळे त्याच्यामागे थकले. शेवटी हॅस्किन्सनी बाकावरून जेरी आर्मस्ट्राँगला उठवलं. आर्मस्ट्राँग गोरा, मिसूरीचा, फारसा कुणाच्या खिजगणतीत नसलेला. त्याने चेंबर्सला असं चिकटून धरलं की यूटाचा जोर ओसरला. ८५-७८. दुसऱ्या रात्री अंतिम सामन्यात आर्मस्ट्राँगला एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. सात जणांची गोष्ट सांगताना हा आठवा माणूस बहुतेक वेळा गळून पडतो.

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना म्हणजे दोन्हीकडची मित्रमंडळी, एखादे जिमखाना सर आणि फाटकापाशी वडापावची गाडी. कोल फील्ड हाउसमध्ये त्या रात्री सुमारे १४ हजार माणसं होती आणि सामना दहाच्या सुमारास सुरू झाला. प्रेक्षक जवळजवळ सगळे गोरे. केंटकीच्या बाजूला यादवीच्या काळातले दक्षिणेचे झेंडे फडकत होते, गुलामगिरी राखायला लढलेल्या राज्यांचे झेंडे. योगायोग असा की ज्या मेरिलंडच्या मैदानावर हे चाललं होतं, त्या मेरिलंडच्याच संघात त्याच हंगामात बिली जोन्स हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरला होता, त्यांच्या लीगमधला पहिला.

केंटकीचे कोच अडॉल्फ रप म्हणजे त्या खेळातलं संस्थान होतं. चार राष्ट्रीय विजेतेपदं नावावर, साठी उलटलेली, अंगावर नेहमी तपकिरी सूट. या वर्षीच्या त्यांच्या संघात सहा फूट पाच इंचांच्या वर कुणीच नव्हतं, म्हणून लोक कौतुकाने त्यांना ‘रपचे बुटके’ म्हणत. पण काय पळत! पॅट रायली, लुई डॅम्पियर, लॅरी कॉन्ली. याच रायलीने पुढे लॉस एंजेलिस लेकर्सचा कोच म्हणून नाव काढलं. बाद फेरीत केंटकीने अनुक्रमे ८६, ८४ आणि ८३ गुण केले होते. आणि तरी मेरिलंडकडच्या एका वृत्तपत्राने सामन्याआधी बेफाम पळत चेंडू टाकणारा संघ म्हणून वर्णन केलं ते टेक्सस वेस्टर्नचं, शिवाय माकडाची उपमा देऊन. प्रत्यक्षात पळणारे ते गोरे होते. थांबून, मोजून, शिस्तीत खेळणारे हे काळे. पण लिहिणाऱ्याने खेळ कुठे बघितला होता? त्याने कातडी बघितली होती.

हॅस्किन्सनी एक डाव टाकला. बुटक्यांच्या वेगाला उत्तर म्हणून उंच शेडला बाकावर बसवलं आणि साडेपाच फुटांच्या वर्सलीला सुरुवातीपासून उतरवलं. तीन चपळ गार्ड, मागे फ्लोर्नॉय आणि लॅटिन. सुरुवातीलाच लॅटिनने रायलीच्या डोक्यावरून दोन्ही हातांनी चेंडू रिंगमध्ये कोंबला. त्या डंकला गुण दोनच मिळतात, पण निरोप मोठा जातो. थोड्याच वेळात फ्लोर्नॉयचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर गेला. आणि मग ते दहा-बारा सेकंद आले. केंटकीचा टॉमी क्रॉन चेंडू घेऊन मध्यरेषेकडे येत होता. बॉबी जो हिलने खालून हात घातला, चेंडू काढला आणि एकट्याने पळत जाऊन टाकला. केंटकीने चेंडू परत आत आणला, आता डॅम्पियरकडे, म्हणजे देशातल्या सगळ्यांत सफाईदार हातांपैकी एकाकडे. हिलने पुन्हा हात घातला आणि चेंडू पुन्हा घेऊन गेला. बास्केटबॉल खेळणाऱ्यांना विचारा: मैदानाच्या मध्यावर, सगळ्यांदेखत, उभ्या उभ्या खिसा कापला जावा तसं हे असतं. एकदा झालं तर चूक म्हणता येते, दोनदा झालं की मनात भीती बसते. त्यानंतर केंटकीचे गार्ड चेंडू घेऊन येताना अर्धं लक्ष हिलवर ठेवून येत होते.

मध्यंतराला ३४-३१. दुसऱ्या भागात केंटकी एका गुणावर येऊन भिडलं. इथे टेक्सस वेस्टर्न पळापळीत ओढलं गेलं असतं तर तो जुना समज खरा ठरला असता. पण ते ओढले गेले नाहीत. चेंडू फिरवत राहिले, लॅटिनला आत देत राहिले, केंटकीला फाउल करायला लावत राहिले. आणि मग एकेक जण त्या रेषेवर जात राहिला. समोर जिंकायची घाई झालेला अव्वल क्रमांकाचा संघ, भोवती आरडाओरडा करणारे हजारो गोरे प्रेक्षक, आणि हातात चेंडू. आर्टिस ५ पैकी ५. डंक मारणारा धिप्पाड लॅटिन ६ पैकी ६. केजर ७ पैकी ६. हिल ९ पैकी ६, आणि तोच एकूण २० गुणांसह सगळ्यांत पुढे. केंटकीकडून रायली आणि डॅम्पियर प्रत्येकी १९. बाद फेरीत याआधी ८३ च्या खाली न आलेला संघ ६५ वर अडकला. आयबांचे धडे पाठ असणाऱ्या कुणालाही या रकान्यात आपल्याच शाळेचं हस्ताक्षर दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत स्कोअर आला, हिलचे दोन डल्ले आले. पण पाच कृष्णवर्णीयांनी सामना सुरू केला आणि सातांनी संपवला, हे बहुतेकांनी लिहिलंच नाही. सगळ्यांनी पाहिलं होतं, बोललं कुणी नाही. एल पासोत रात्रभर भोंगे वाजवत गाड्या फिरल्या. मग पत्रं येऊ लागली. हॅस्किन्सना शिव्या देणारी, धमक्यांची, गठ्ठेच्या गठ्ठे. शिवाय दुसऱ्या बाजूनेही आरोप आला, की या माणसाने काळ्या मुलांना राबवून घेतलं. कधीकधी वाटे, जिंकलो नसतो तर बरं झालं असतं, असं ते पुढे कबूल करत.

तो दुसरा आरोप अगदीच हवेतला नव्हता. १९६७ मध्ये कॉलेजचं नाव एल पासोचं टेक्सस विद्यापीठ असं झालं. १९६८ मध्ये ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाने कृष्णवर्णीय खेळाडूंच्या हालांवर मोठी लेखमाला केली आणि त्यात या विद्यापीठाला विशेष झोडपलं: मैदानावर टाळ्या, वर्गात आणि गावात परकेपणा. त्याच वर्षी वसंतात तिथल्या काही कृष्णवर्णीय धावपटूंनी मॉर्मन पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध उतरायला नकार दिला. त्या पंथात कृष्णवर्णीयांना पौरोहित्य नाकारलेलं होतं. विद्यापीठाने या मुलांना संघातून काढलं. त्यांतला एक बॉब बीमन. ऑक्टोबरमध्ये मेक्सिको ऑलिंपिकला त्याने ८.९० मीटर लांब उडी मारली. विश्वविक्रमाची ती उडी टिकली १९९१ पर्यंत.

केंटकीचंही काही रात्रीत बदललं नाही. रपवर वंशवादाचा शिक्का बसला तो बसलाच. न्यायाने सांगायचं तर त्यांनी या सामन्याआधी वेस अन्सेल्ड या कृष्णवर्णीय खेळाडूला बोलावून पाहिलं होतं, तो आला नाही. पण केंटकीच्या बास्केटबॉल संघासाठी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, टॉम पेन, करारबद्ध झाला १९६९ मध्ये. त्यांच्या लीगमध्ये त्याआधी, १९६७ मध्ये, व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस उतरला होता. मिसिसिपी-अलाबामाच्या मैदानांवर त्याने काय काय ऐकून घेतलं, ते वेगळ्या प्रकरणाचं आहे. १९६७ मध्येच कॉलेजच्या खेळात डंकवर बंदी आली आणि ती नऊ वर्षं राहिली. नियम करणाऱ्यांनी कारणं वेगळी दिली. त्या वेळी डंक मारणारे कोण होते हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

मग २००६ मध्ये डिझ्नीने ‘ग्लोरी रोड’ काढला. चित्रपट चांगला पकड घेतो, आणि तितक्याच सफाईने फेकतो. त्यात हॅस्किन्स मुलींचा संघ सोडून एल पासोत येतात, काळी मुलं गोळा करतात आणि पहिल्याच हंगामात विजेते होतात. प्रत्यक्षात तो त्यांचा पाचवा हंगाम होता, आणि चार्ल्स ब्राउन त्यांच्या पाच वर्षं आधी त्या मैदानावर खेळून गेला होता. खुद्द हॅस्किन्स त्यात पेट्रोल पंपावरच्या माणसाच्या भूमिकेत क्षणभर दिसतात. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, अख्ख्या संघाला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, सगळ्या बाराजणांना, आर्मस्ट्राँगसकट. बॉबी जो हिल तोवर राहिला नव्हता. डिसेंबर २००२ मध्येच तो गेला. २००८ मध्ये हॅस्किन्स गेले. ३८ हंगाम त्याच एका गावात काढले, ७१९ सामने जिंकले, पण राष्ट्रीय विजेतेपद एकच.

अंतिम सामन्यानंतरची एक रीत आहे. जिंकलेला संघ रिंगची जाळी कापून नेतो. शिडी आणतात, एकेक जण चढून कात्रीने एकेक धागा कापतो. त्या रात्री कोल फील्ड हाउसमध्ये शिडी आणायला कुणी पुढे आलं नाही, असं खेळाडू सांगत. जाळी दहा फुटांवर लोंबत होती. मग नेव्हिल शेड रिंगखाली जाऊन उभा राहिला. त्या रात्री पहिल्या पाचांतली त्याची जागा काढून विली वर्सलीला दिली होती. त्याने वर्सलीला उचललं आणि साडेपाच फुटी वर्सलीने वर हात करून जाळी कापली.